कावेरीकाठचे जैन : एका धर्माची ओहोटी आणि साधकाला तिचा बोध



तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वराचे मंदिर आठवते. सतराव्या शतकात मराठे तिथे पोचले तेव्हा कावेरीचा सारा मुलूख शिवालयांनी आणि विष्णुमंदिरांनी भरलेला होता. त्याच मुलखात हजार-बाराशे वर्षांपूर्वी जैन मुनींचे मठ होते. जैन कवींनी रचलेली तमिळ महाकाव्ये लोक ऐकत होते आणि राजदरबारी जैन आचार्यांचा शब्द चालत होता. मग हा धर्म तिथून ओसरला कसा?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे ऐकायला मिळतात. पहिले उत्तर अभिमानाने दिले जाते : शैव संतांनी जैनांना वादात हरवले, राजा शुद्धीवर आला आणि हरलेल्या आठ हजार जैनांना सुळावर चढवले गेले. दुसरे उत्तर रागाने दिले जाते : एका शांत, अहिंसक धर्माची कत्तल करून त्याला संपवले गेले. एक सांगणारा ज्या घटनेने सुखावतो, तिनेच दुसरा दुखावतो. पण घटना मात्र दोघांनीही तीच धरली आहे. ती तशी घडली का, हे दोघेही फारसे तपासत नाहीत.

आपण ते तपासू या. भक्तीच्या मार्गावर चालणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. ज्या संतांची पदे आपल्याला देवाजवळ नेतात, त्यांच्याच चरित्रात दुसऱ्या पंथाच्या नाशाची कथा आली, तर ती कशी वाचायची हे आपल्याला ठरवावेच लागते.

१. आधी काय होते?

तमिळ भाषेतले सर्वांत जुने लेख कुठे सापडतात? मदुरैच्या आसपासच्या डोंगरांत, मांगुळमसारख्या ठिकाणी, मुनींच्या राहण्याच्या गुहांत. खडक कोरून केलेले गुळगुळीत दगडी बिछाने आणि त्यांच्याजवळ ब्राह्मी लिपीत कोरलेली दात्यांची नावे असे त्यांचे स्वरूप आहे. यांतले सर्वांत जुने लेख इ.स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानले जातात, आणि यांतल्या बऱ्याच गुहा जैन मुनींच्या होत्या असे अभ्यासक सांगतात. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आहे. दोन्ही भाषांची बाल्यावस्था जैन दगडांवर जपली गेली आहे.

पुढच्या काळात जैनांनी तमिळला जे दिले त्याची यादी मोठी आहे. 'शिलप्पदिकारम' या महाकाव्याचा कर्ता इळंगो अडिगळ हा परंपरेने जैन मुनी मानला जातो. त्या काव्यात कोवलन आणि कण्णगी हे जोडपे कावेरीच्या मुखाशी असलेले पुहार बंदर सोडून मदुरैला निघते, तेव्हा कवुंदी अडिगळ नावाची जैन साध्वी त्यांच्या सोबत चालते. नीतिवचनांचा 'नालडियार' हा संग्रह जैन मुनींचा म्हणून ओळखला जातो. 'जीवकचिंतामणी' हे महाकाव्य तिरुत्तक्कदेवर या जैन कवीचे. तेराव्या शतकात भवनंदी या जैन मुनीने लिहिलेले 'नन्नूल' हे व्याकरण तर पुढे कितीतरी शतके तमिळ विद्यार्थी शिकत राहिले.

भाषेतही खुणा राहिल्या आहेत. जैन आणि बौद्ध भिक्षूंच्या निवासाला तमिळमध्ये 'पळ्ळी' म्हणत. आज 'पळ्ळी' म्हणजे शाळा. आपल्याकडे शिक्षणाच्या आरंभाला 'ओनामा' म्हणतात. तो शब्द 'ॐ नमः सिद्धम्' या वंदनातून आला, आणि त्या वंदनाचा संबंध अनेक जण जैन परंपरेशी जोडतात. ज्यांनी शिकवले त्यांचे नाव पुसले गेले तरी शिकवण्याचा शब्द त्यांचाच राहिला.

२. दोन संत

सातव्या शतकात चित्र पालटू लागले. त्या बदलाशी दोन नावे कायमची जोडली गेली आहेत : अप्पर आणि ज्ञानसंबंधर.

अप्परांचे मूळ नाव मरुळनीक्कियार. वेळ्ळाळ, म्हणजे शेतकरी समाजात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते जैन झाले, कडलूरजवळच्या पाटलीपुत्र या जैन विद्यापीठात राहिले आणि धर्मसेन या नावाने मोठ्या मानाला पोचले. हे विद्यापीठ काल्पनिक नव्हे. 'लोकविभाग' या जैन ग्रंथात, त्याची मूळ प्रत शके ३८० म्हणजे इ.स. ४५८ मध्ये याच पाटलिक गावी लिहिली गेल्याची नोंद आहे. पुढे पोटाच्या असह्य व्याधीने अप्पर त्रस्त झाले. थोरली बहीण तिलकवती तिरुवदिगै येथे शिवसेवेत होती. ते तिच्याकडे परतले आणि शिवभक्त झाले. चरित्र सांगते की त्यानंतर जैनांनी राजाकरवी त्यांचा छळ केला. चुन्याच्या भट्टीत कोंडले, दगडाला बांधून समुद्रात टाकले, पण ते वाचले आणि शेवटी राजाच शैव झाला. हा राजा म्हणजे पल्लव महेंद्रवर्मा (पहिला), असे इतिहासकार सामान्यतः मानतात.

ज्ञानसंबंधर हे कावेरीच्या खोऱ्यातल्या शीर्काळीचे, ब्राह्मण कुळातले बालसंत. वयाने खूप मोठ्या असलेल्या धर्मसेनांना त्यांनी प्रेमाने 'अप्पर', म्हणजे बाबा, अशी हाक मारली आणि तेच नाव रूढ झाले. मदुरैचा पांड्य राजा जैन होता, पण राणी मंगैयर्क्करसी ही चोळ राजकन्या आणि मंत्री कुलच्चिरै हे दोघे शैव होते. त्यांच्या बोलावण्यावरून संबंधर मदुरैला गेले. राजाचा ज्वर त्यांनी उतरवला. मग दोन्ही पक्षांनी आपापली ताडपत्रे आगीत टाकली आणि वैगै नदीत सोडली. संबंधरांचे पत्र जळले नाही आणि प्रवाहाच्या उलट वर गेले. राजा शैव झाला आणि पैजेप्रमाणे हरलेले जैन सुळावर गेले. ही झाली चरित्रकथा.

संबंधरांच्या स्वतःच्या पदांत काय आहे, हे वेगळे पाहायला हवे. त्यांच्या बहुतेक पदांत दहावे कडवे जैन आणि बौद्ध भिक्षूंच्या निंदेसाठी ठरलेले असते. त्यांचे मुंडन, त्यांचे स्नान न करणे, उभ्याने जेवणे, त्यांची न कळणारी भाषा यांवर त्यांत टीका असते. विरोध खरा होता आणि तीव्र होता, याबद्दल शंका नको. मात्र तो शब्दांचा विरोध होता. आठ हजारांच्या सुळांचा उल्लेख या पदांत नाही.

३. तिरुवारूरचे तळे

मदुरैची कथा सर्वांना माहीत असते. कावेरीच्या खोऱ्यातली एक लहान कथा त्या मानाने कमी वाचली जाते. माझ्या मते आपल्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे.

तिरुवारूर हे जुन्या तंजावर जिल्ह्यातले मोठे शिवक्षेत्र. तिथे दंडी नावाचे एक जन्मांध भक्त होते. देवळाच्या तळ्याभोवती जैनांचे मठ आणि वस्ती वाढत गेली होती आणि तळे आक्रसत चालले होते. दंडींनी ते खोदून रुंद करायचे ठरवले. दिसत नव्हते म्हणून त्यांनी तळ्यात आणि काठावर खांब रोवले, दोर बांधला, आणि दोराच्या आधाराने चालत ते माती उपसून बाहेर टाकू लागले. जैन म्हणाले, माती खणू नका, बारीक जीव मरतात. दंडी ऐकेनात. तेव्हा जैनांनी त्यांचे खांब उपटले आणि कुदळ काढून घेतली. प्रकरण राजापर्यंत गेले. दंडींना दृष्टी आली, जैनांची गेली. राजाने जैनांना गावाबाहेर घालवले, त्यांचे मठ पाडले आणि तळे मोठे झाले.

यातला चमत्कार घटकाभर बाजूला ठेवा. मागे काय उरते? एक तळे, काठची जागा आणि ती कोणाची यावरचा तंटा. जैन मुनीला जमीन खणणे म्हणजे हिंसा, हे त्याच्या व्रताला धरून होते. कावेरीकाठच्या शेतकऱ्याला तळे आणि कालवा खणणे म्हणजे भात पिकणे, हे त्याच्या जगण्याला धरून होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असू शकतात. पण सारे खोरे भातशेतीखाली येत असताना तळे खणणारा जिंकणार, हे उघड होते.

४. कथा कशी वाढली?

दंडींचे नाव सर्वप्रथम सुंदरर या संतांच्या नामावलीत येते. ती आठव्या शतकाच्या सुमाराची. तिथे केवळ नामोल्लेख आहे. पुढे राजराज चोळाच्या काळाच्या आसपास नंबी आंडार नंबी यांनी त्या यादीतल्या प्रत्येक संतावर एकेक कडवे रचले. त्यानंतर बाराव्या शतकात सेक्किळार यांनी 'पेरियपुराणम' लिहिले. त्यात ६३ नायन्मारांची चरित्रे आली आणि दंडींची वर सांगितलेली कथा पूर्ण रूपात आली. नावाचे कडवे झाले आणि कडव्याचे चरित्र झाले.

सुळांच्या कथेचेही तसेच आहे. ती संबंधरांनंतर सुमारे तीन-चार शतकांनी, नंबींच्या रचनेत आणि मग पेरियपुराणात दिसते. नीलकंठ शास्त्रींसारख्या दक्षिणेच्या इतिहासाच्या थोर अभ्यासकांनीही ती इतिहास म्हणून मानली नाही, दंतकथाच म्हटली.

शिवाय दगडी पुरावा वेगळेच सांगतो. इ.स. ६४०च्या सुमारास दक्षिणेत आलेला चिनी यात्री ह्युएन त्संग या द्रविड देशात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, मोठ्या संख्येने असल्याचे लिहितो. पांड्य राज्यातून जैन सातव्या शतकात संपले असते, तर त्याच राज्यात आठव्या-नवव्या शतकांत कळुगुमलैच्या डोंगरावर तीर्थंकरांच्या शेकडो मूर्ती कोणी कोरल्या असत्या? तंजावरच्या दक्षिणेला, पुदुक्कोट्टैजवळ सित्तन्नवासलचे जैन गुहामंदिर आहे. त्यातले कमळांच्या तळ्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे. तिथला नवव्या शतकातला शिलालेख सांगतो की मदुरैच्या एका जैन आचार्याने, इळन गौतमाने, त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. तेव्हा राज्य पांड्य श्रीमार श्रीवल्लभाचे होते. म्हणजे ज्या मदुरैत जैनांचा निःपात झाल्याची कथा आहे, त्याच मदुरैचा जैन आचार्य दोनशे वर्षांनी मंदिर दुरुस्त करवत होता. जैन साध्वींच्या परंपराही चालू होत्या. त्यांना तमिळमध्ये 'कुरत्ती', म्हणजे गुरुमाता, म्हणत. उत्तर तमिळ प्रदेशातल्या वेडाल येथील नवव्या शतकाच्या लेखात एका कुरत्तीच्या ५०० शिष्यांचा उल्लेख आहे.

याचा अर्थ छळ झालाच नाही असा नव्हे. काही ठिकाणी मठ पाडले गेले असतील, माणसे हाकलली गेली असतील. राजा ज्या बाजूला जातो त्या बाजूचा जोर वाढतो. पण एका रात्रीत आठ हजारांना मारून धर्म संपवल्याची कथा इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. जिंकलेल्या पक्षाने आपला विजय मोठा दिसावा म्हणून ती मागाहून रंगवली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. आणि इथेच साधकाने थांबून विचार करावा : विजय मोठा दिसण्यासाठी आपल्याला मृतांची संख्या का लागावी?

५. मग ओहोटी लागली कशी?

वाणिज्य शाखेत शिकवतात की एखादी पेढी का बुडाली हे पाहायचे असेल, तर आधी तिच्याकडे पैसा कुठून येत होता आणि तो केव्हा दुसरीकडे वळला ते पाहावे. धर्मसंस्थेलाही हे लागू पडते. मुनी कमावत नाही. त्याला भिक्षा, निवास आणि पोथ्यांसाठी दाते लागतात. दाते वळले की मठ रिकामा होतो, त्यासाठी सूळ लागत नाही.

दाते वळण्याचे पहिले कारण म्हणजे गाणे. अप्पर, संबंधर आणि सुंदरर गावोगाव हिंडले आणि प्रत्येक गावच्या देवावर त्या गावच्या नदीसह, बागेसह पद रचले. आपल्या गावाचे नाव देवाच्या गाण्यात आले की माणूस ते गाणे विसरत नाही. आपल्याकडे वारकरी संतांनी पंढरीची वाट अभंगांनी बांधली, तशी या संतांनी कावेरीकाठची शेकडो गावे पदांनी जोडली. जैन आचार्यांचे तमिळ थोर होते, पण ते विद्वत्तेचे आणि नीतीचे तमिळ होते. रडणाऱ्या, हाक मारणाऱ्या, देवावर रुसणाऱ्या भक्ताला त्यात जागा कमी होती. जैन मार्गात तीर्थंकर आदर्श आहेत, मागितलेले देणारे देव नाहीत. तत्त्व म्हणून हा विचार फार उंच आहे. पण दुष्काळात पाऊस मागणाऱ्या शेतकऱ्याला तो उंचच वाटत राहिला असेल.

दुसरे कारण जमिनीचे. पल्लव, पांड्य आणि चोळ राजांनी नवनवी जमीन लागवडीखाली आणली, ब्राह्मणांना अग्रहारे दिली, देवळांना गावे दिली. देऊळ हे गावाचे कोठार झाले, पेढी झाली, न्यायाची जागा झाली. हे किती खोल गेले ते पाहायचे तर १०१० साली पूर्ण झालेल्या बृहदीश्वराच्या भिंती वाचाव्यात. त्या म्हणजे दगडी खतावणीच आहे. मंदिराचा पैसा आसपासच्या ग्रामसभांना व्याजाने दिला जाई. दर काशूमागे वर्षाला एक अष्टमांश काशू, म्हणजे शेकडा साडेबारा. त्या व्याजातून पूजा आणि दिवे चालत. राजराजाने या मंदिरात संतांची पदे गाण्यासाठी ४८ गायक आणि दोन वादक नेमले आणि प्रत्येकाला रोजचे तीन कुरुणी भात ठरवून दिले.

या ५० जणांचा विचार करा. रोज गायल्या जाणाऱ्या त्या पदांत अप्रतिम भक्ती होती. त्यांतच ते ठरलेले दहावे कडवेही होते. एका संताने वादाच्या भरात जे म्हटले, ते आता पगारी गायकांकडून, राजाच्या खर्चाने, पिढ्यान्पिढ्या म्हटले जाणार होते. तलवारीची जखम एका पिढीची असते. रोज गायलेली निंदा मात्र हळूहळू स्वाभाविक वाटू लागते. जैन असणे म्हणजे काहीतरी परके असणे, ही भावना अशीच मुरली असावी.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. जिंकलेल्या पक्षाने हरलेल्याचे चांगले ते उचलले. तमिळमध्ये शाकाहाराला आजही 'शैवम' म्हणतात. पण मांसाहार वर्ज्य करण्याचा आग्रह त्या समाजात रुजवण्यात जैन आणि बौद्ध श्रमणांचा मोठा वाटा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. अहिंसा शैवांच्या घरातच मिळू लागल्यावर तिच्यासाठी वेगळा धर्म धरण्याचे कारण उरले नाही.

या स्पर्धेत जैनही केवळ सोसणारे नव्हते. 'नीलकेशी' या जैन काव्याची नायिका बौद्ध, आजीविक, सांख्य, वैदिक अशा सगळ्यांशी वाद घालून त्यांना हरवत जाते. 'कुंडलकेशी' या बौद्ध काव्याला दिलेले ते उत्तर होते. गंमत अशी की 'कुंडलकेशी' आज लुप्त आहे आणि तिची काही कडवी 'नीलकेशी'वरच्या टीकेत उद्धृत केल्यामुळेच उरली आहेत. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडूनच खोडायचे, ही वादाची जुनी शिस्त होती, आणि त्या शिस्तीने हरलेल्यालाही थोडेसे जगवले.

६. वेगळे वागून दाखवणारे

स्पर्धेच्या या काळातच काही माणसांनी दुसरी वाट दाखवली. त्यांची नावे आपण सुळांच्या कथेइतकीच लक्षात ठेवायला हवीत.

राजराज चोळाची थोरली बहीण कुंदवै. तंजावरच्या मोठ्या मंदिराला तिने मूर्ती आणि सोने दिले. त्याच कुंदवैने दादापुरम येथे एक शिवालय, एक विष्णुमंदिर आणि एक जिनालय अशी तीन मंदिरे बांधली. पोळूरजवळच्या तिरुमलै टेकडीवरही तिच्या नावाचे कुंदवै जिनालय आहे. राजेंद्र चोळाच्या काळात तिथे चामुंडप्पै नावाच्या एका व्यापाऱ्याच्या पत्नीने दिव्यासाठी आणि नैवेद्यासाठी दान दिले. ते नोंदवणाऱ्या लेखात राजेंद्राच्या गंगेपर्यंतच्या विजयांचे वर्णनही आले आहे. शैव सम्राटाच्या दिग्विजयाचा मोठा पुरावा जैन मंदिराच्या खडकावर आहे! चोळांच्या महसुली नोंदींत जैन-बौद्ध मठांच्या जमिनींसाठी 'पळ्ळिच्चंदम' असा स्वतंत्र वर्ग होता. राजराजाने १००६च्या सुमारास नागपट्टिनमच्या बौद्ध विहाराला आनैमंगलम गाव दिले. भक्ती एका देवाची आणि दान सर्वांना, यात त्यांना विसंगती वाटली नाही.

पुढे १३६८ साली विजयनगरच्या बुक्करायापुढे जैन आणि श्रीवैष्णव यांचा तंटा आला. वाद्ये आणि कलश यांच्या मानाचा तो वाद होता. श्रवणबेळगोळच्या शिलालेखानुसार राजाने जैनांचा हात वैष्णवांच्या हातात दिला आणि दोन्ही दर्शनांत भेद नाही असे जाहीर केले. निवाड्यात व्यवहारही चोख होता. दर जैन घरामागे वर्षाला एक हण गोळा करायचा, त्यातून श्रवणबेळगोळच्या रक्षणासाठी २० रक्षक ठेवायचे आणि उरलेल्या पैशातून पडक्या जिनालयांची दुरुस्ती करायची. हे काम सोपवले कोणाकडे? तिरुमलैच्या तातय्या या वैष्णवाकडे. ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याकडेच रक्षणाची जबाबदारी!

तिसरे उदाहरण तंजावर जिल्ह्यातलेच आणि अलीकडचे आहे. पेरियपुराणाच्या जन्माची एक परंपरागत हकिकत आहे. चोळ राजा 'जीवकचिंतामणी' या जैन काव्यात रमून गेला होता. त्याला त्यापासून वळवण्यासाठी मंत्री सेक्किळार यांनी शिवभक्तांची चरित्रे लिहिली. म्हणजे चिंतामणी हे शैवांच्या सर्वांत मोठ्या चरित्रग्रंथाचे प्रतिस्पर्धी पुस्तक. सातशे वर्षांनी ते जवळजवळ विस्मरणात गेले होते.

१८८० साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात उ. वे. स्वामिनाथ अय्यर (१८५५–१९४२) हे तरुण तमिळ पंडित म्हणून रुजू झाले. घराणे शैव ब्राह्मणांचे आणि शिक्षण तिरुवावडुदुरै या शैव मठाच्या छायेत झालेले. गावात नव्याने आलेले मुन्सफ रामस्वामी मुदलियार यांनी त्यांना विचारले, चिंतामणी वाचले आहे का? वाचले नव्हते. मुदलियारांनी प्रत मिळवून दिली. ती उघडल्यावर अय्यरांना दिसले की जैन परिभाषाच कळत नाही. तेव्हा ते कुंभकोणमच्या जैन घरांत गेले. तिथे चिंतामणी श्रद्धेने वाचली जात होती, तिचे अर्थ घरोघरी जिवंत होते. या शैव पंडिताने जैन गृहस्थांकडे बसून ते समजून घेतले, अनेक ताडपत्री प्रती जुळवल्या आणि १८८७ साली 'जीवकचिंतामणी' छापून प्रसिद्ध केली. त्यांच्या हातून पुढे 'शिलप्पदिकारम' आले, बौद्ध 'मणिमेखलै'ही आले. ज्या काव्याला विसरायला लावण्यासाठी एक थोर शैव ग्रंथ जन्माला आला असे म्हणतात, ते काव्य एका शैवानेच जगाला परत दिले. यामुळे अय्यरांची शिवभक्ती कमी झाली नाही.

७. आजचे तमिळ जैन

तमिळ जैन संपलेले नाहीत. २०११च्या जनगणनेत तमिळनाडूत जैन सुमारे ०.१२ टक्के आहेत. त्यांत गुजरात-राजस्थानातून आलेली व्यापारी कुटुंबेही धरलेली आहेत. मूळचे तमिळ जैन, ज्यांना नयिनार म्हणतात, ते मुख्यतः उत्तर तमिळनाडूतल्या खेड्यांत आहेत. विळुप्पुरम जिल्ह्यातल्या मेल चित्तामूर येथे त्यांचा मठ आहे. बहुतेक जण पिढीजात शेतकरी. 'अहिंसेमुळे जैन शेती करू शकत नाहीत' हे विधान आपण सहज करतो, पण ते इथे टिकत नाही. कोल्हापूर-सांगलीकडचे जैन शेतकरी पाहिलेल्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. माती खणण्यावर तिरुवारूरच्या मुनींचा आक्षेप असला, तरी जैन गृहस्थ कावेरीच्या पाण्यावर भात पिकवत राहिला.

खुद्द तंजावरात करंदै भागात आदिनाथांचे मंदिर आहे. कुंभकोणमला चंद्रप्रभांचे, मन्नारगुडीला मल्लिनाथांचे, तिरुवारूर जिल्ह्यात दीपंगुडीला आदिनाथांचे मंदिर आहे. बृहदीश्वराच्या दर्शनाला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंपैकी फार थोड्यांना हे माहीत असते. पुढच्या वेळी तंजावरला गेलात तर अर्धा तास काढून करंदैच्या मंदिरातही जाऊन या.

८. आपल्यासाठी

या सगळ्यातून साधकाने काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे संत आणि संतांबद्दलची कथा वेगवेगळ्या ओळखाव्यात. संबंधरांची भक्ती त्यांच्या पदांत आहे. आठ हजारांचे सूळ नंतरच्यांच्या लेखणीत आहेत. कथा नाकारली म्हणून संतांचा अनादर होत नाही. उलट त्यांच्यावर चढवलेले रक्त आपण पुसून काढतो. आणि त्यांच्या पदांतली निंदा? ती त्या काळच्या वादाची भाषा होती, हे समजून घेता येते. समजून घेतले म्हणून ती आज पुन्हा उच्चारलीच पाहिजे असे नाही.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. दोन साधनामार्गांची स्पर्धा ही नेहमी वाईटच असते असे नाही. जैनांच्या विद्वत्तेमुळे शैवांना पदे रचावी लागली, चिंतामणीमुळे पेरियपुराण आले, नीलकेशीमुळे वादशास्त्र वाढले. तमिळ भाषा या चढाओढीतून श्रीमंत झाली. स्पर्धा बिघडते ती आपली उन्नती मोजायला दुसऱ्याची पडझड लागते तेव्हा. आपल्या केंद्रात जास्त लोक आले याचा आनंद वाटावा. शेजारच्या पंथाच्या सभेत कमी लोक आले याचा आनंद वाटला, तर तिथे आपण स्वतःला तपासावे.

तिसरी गोष्ट जैन दर्शनाकडूनच शिकण्यासारखी आहे. अनेकांतवाद सांगतो की वस्तूला अनेक बाजू असतात आणि एका जागेवरून त्या सगळ्या दिसत नाहीत. तळ्याच्या काठी उभ्या असलेल्या मुनीला मातीतले जीव दिसत होते, दंडींना आक्रसणारे पाणी जाणवत होते. दोघांनी एकमेकांचे ऐकले असते तर तळेही राहिले असते आणि मठही. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात ओळीने उभी आहेत. आपण ती पाहतो, फोटो काढतो आणि परततो. ती ज्यांनी कोरली, कोरू दिली आणि शेजारी राहू दिली, त्यांचे मन आपल्याला मिळवायचे आहे.

स्वाध्यायासाठी

(गटात चर्चा करावी. शक्य असल्यास उत्तरे वहीत लिहून ठेवावीत.)

१. आपल्या परंपरेतली अशी एखादी कथा आठवा, जिच्यात दुसऱ्या पंथाचा पराभव किंवा अपमान आहे. ती प्रथम कोणी आणि केव्हा लिहिली, हे शोधता येईल का?

२. तिरुवारूरच्या तळ्याच्या वादात तुम्ही राजा असता तर काय निवाडा दिला असता? बुक्करायाच्या निवाड्यातली कोणती गोष्ट तिथे उपयोगी पडली असती?

३. रोजच्या बोलण्यात आपण इतर साधनामार्गांबद्दल कोणते शब्द सहज वापरतो? एक आठवडा लक्ष ठेवा आणि नोंद करा.

४. स्वामिनाथ अय्यर जैन घरी शिकायला गेले, त्याप्रमाणे वेगळ्या श्रद्धेच्या एका शेजाऱ्याकडे जाऊन त्यांच्या एका ग्रंथाबद्दल ऐकून या. वाद घालू नका, केवळ ऐका.

५. आपल्या गावात किंवा तालुक्यात जुने जिनालय, विहार किंवा दुसऱ्या पंथाचे स्थान आहे का? ते आज कोण सांभाळते, याची माहिती काढून पुढच्या बैठकीत सांगा.